वीस वर्षांत पाडलेला 'किंगडा का': पोलादाचं वय वेगळं, यंत्राचं वय वेगळं

प्रश्न नाशिकच्या एका आजोबांचा आहे. उन्हाळ्यात ते लेकीकडे न्यू जर्सीत, एडिसनला जाणार आहेत. चौदा वर्षांच्या नातवाला त्यांनी कबूल केलं होतं की जगातल्या सगळ्यात उंच रोलर कोस्टरवर, 'किंगडा का'वर, तुला नेईन. आता कळलं की तो २८ फेब्रुवारी २०२५ला सुरुंग लावून पाडला. त्यांनी विचारलंय: इंग्रजांच्या काळातले पोलादी पूल आपल्याकडे अजून उभे आहेत, मग हे पोलाद वीस वर्षांत कसं संपलं? की काही धोका होता आणि लोकांना सांगितला नाही? एका व्हिडिओत गाडी वरपर्यंत न पोचता उलटी मागे येताना दिसते, तो काय प्रकार? आणि शेवटी, जरा संकोचून, असं असेल तर त्याच पार्कमधल्या दुसऱ्या कोस्टरवर पोराला बसू द्यावं का?

खरा प्रश्न हा शेवटचाच आहे, असं मला वाटतं. पण त्याच्या आधीचे तीन सुटल्याशिवाय तो सुटणार नाही, म्हणून विचारलेत त्याच क्रमाने जातो.

एक गोष्ट आधीच सांगतो. किंगडा कावर मी काम केलेलं नाही. माझी नोकरीची सुरुवातीची वर्षं क्रेन, विंच (दोर गुंडाळून ओझं ओढणारं यंत्र) आणि त्यांच्या हायड्रॉलिक्समध्ये, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेत, गेली, नंतरची राइड्सच्या तपासणीत. त्यामुळे त्या कोस्टरच्या पोटात ज्या जातीचं यंत्र होतं त्याच्या खोडी मला ठाऊक आहेत, त्या विशिष्ट यंत्राची लॉगबुकं मी पाहिलेली नाहीत. पार्क चालवणाऱ्या सिक्स फ्लॅग्ज कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो बंद झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा नव्या आकर्षणांसाठी जागा करायची आहे असं सांगितलं होतं. पुढे जे 'का' आणि 'कशामुळे' येईल, ते त्या जातीच्या यंत्रांवरून मी काढलेलं अनुमान समजा.

आता पोलादाचं बघू.

किंगडा का २१ मे २००५ला सुरू झाला. जागा म्हणजे न्यू जर्सीच्या जॅक्सनमधलं 'सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अॅडव्हेंचर', बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची इंटामिन, उंची १३९ मीटर, वेग ताशी २०६ किलोमीटर, आणि तो वेग साडेतीन सेकंदांत. उंची आणि वेग, दोन्ही विक्रम त्या दिवशी त्याच्याकडे आले. वेगाचा विक्रम २०१०ला अबू धाबीच्या 'फॉर्म्युला रोसा'ने घेतला, ताशी २४० किलोमीटर. उंचीचा मात्र बंद होईपर्यंत त्याच्याकडेच राहिला.

एवढा उंच म्हणून पोलाद लवकर थकलं का? थकण्याची भीती खोटी नाही. वजन नुसतं अंगावर घेऊन उभं राहायचं असेल तर पोलाद पिढ्यान्‌पिढ्या उभं राहतं. ताण येतो-जातो, येतो-जातो, असं लाखो वेळा झालं की मात्र जोडाच्या कडेला, वेल्डच्या पायथ्याशी बारीक तडा धरू शकतो. त्याला फटीग म्हणतात. पण डिझाइन करणाऱ्याला हे आधीपासून माहीत असतं. ताणाची पातळी एका मर्यादेखाली ठेवली तर पोलाद अशी आवर्तनं जवळजवळ अमर्याद सोसतं, म्हणून खांब आणि रूळ तेवढे जाड घेतात. गंजाचा बंदोबस्त रंगाने होतो, आणि तड्यांचा शोध डीपी टेस्ट (तड्यात शिरणारा रंग लावून), मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबक आणि लोखंडी भुकटीने), अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी) या चाचण्यांनी. आपल्याकडे प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाबाखालच्या टाक्यांच्या, वेल्डवर जे करतात तेच.

आणि उदाहरणं समोर आहेत. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधला 'मॅटरहॉर्न' हा नळीच्या पोलादी रुळांचा पहिला कोस्टर, १९५९चा, आजही चालतो. ओहायोच्या सीडर पॉइंटमधला 'मॅग्नम एक्सएल-२००' हा १९८९चा, त्या काळचा उंचीचा विक्रमवीर, ६२ मीटरच्या वरचा, तोही चालतो. सगळ्यात बोलकं उदाहरण किंगडा काच्या शेजारचंच आहे. त्याच पार्कमध्ये २००१ सालचा 'नायट्रो' नावाचा पोलादी कोस्टर आहे, ७० मीटर उंच. खोपोलीच्या इमॅजिकामध्ये जो 'नायट्रो' आहे त्याचं फक्त नाव आणि बनवणारी कंपनी तीच, बाकी तो वेगळा. न्यू जर्सीचा नायट्रो किंगडा कापेक्षा चार वर्षांनी मोठा, तोच बर्फ, तोच पाऊस, तेच देखभाल खातं. तो चालू राहिला. पोलाद हाच रोग असता तर आधी तो आजारी पडायला हवा होता.

पोलादाला खरंच काही झालं तर काय करतात, याचंही उदाहरण ताजं आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या कॅरोविंड्स पार्कमधला 'फ्युरी ३२५', ९९ मीटर उंच, २०१५चा. २०२३च्या जूनअखेर एका पाहुण्याला त्याच्या एका खांबाला आरपार तडा दिसला, गाडी जाताना खांबाचा वरचा भाग हलत होता. व्हिडिओ जगभर फिरला. कोस्टर बंद केला, खांब बदलला, तपासण्या केल्या आणि त्याच उन्हाळ्यात परत सुरू केला. तडा रोजच्या फेरीत पार्कच्या माणसांना दिसायला हवा होता, पाहुण्याला नव्हे, हे माझं मत मी कुठेही सांगेन. पण खांबाला तडा गेला म्हणून कोणी कोस्टर पाडत नाही, खांब बदलतात.

मग किंगडा कामध्ये काय वेगळं होतं? नायट्रोला, मॅग्नमला साखळी आहे. मोटर साखळी फिरवते, साखळी गाडीला टक्-टक् करत टेकडीच्या माथ्यावर नेते, पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. किंगडा काला साखळी नव्हतीच. गाडी जमिनीवरच्या सरळ रुळावर उभी राहायची, साडेतीन सेकंदांत सुसाट सुटायची आणि त्या धक्क्यावर एकशेएकोणचाळीस मीटरचा उभा डोंगर चढून जायची. माथ्यावरून खाली येताना पिळासारखं वळण, मग ३९ मीटरची एक टेकडी, मग ब्रेक. सगळा खेळ अर्ध्या मिनिटात संपायचा.

हिशोब करून बघा, शाळेतलंच सूत्र आहे. घर्षण नसेल तर १३९ मीटर चढायला सुरुवातीचा वेग ताशी सुमारे १८८ किलोमीटर लागतो. प्रत्यक्षात २०६ ठेवला होता. मधली तफावत हवा, चाकांचं घर्षण आणि माथा ओलांडायला लागणारा थोडा शिल्लक वेग यांच्यासाठी.

आता शक्ती बघू. माणसांसकट गाडी समजा दहा टनांची धरली (हा आकडा हिशोबाच्या सोयीसाठी घेतलाय), तर २०६च्या वेगाला तिच्यात सुमारे १६ मेगाज्यूल ऊर्जा भरावी लागते, तीही साडेतीन सेकंदांत. म्हणजे सरासरी पावणेपाच मेगावॅट, आणि शेवटच्या क्षणी, वेग सर्वांत जास्त असताना, नऊ मेगावॅटच्या पुढे. खऱ्या यंत्राची कमाल ताकद २०,८०० अश्वशक्ती अशी प्रसिद्ध आहे, म्हणजे साधारण साडेपंधरा मेगावॅट. दर फेरीला एवढी वीज एका झटक्यात ओढायची तर वीज कंपनी दारात उभं करणार नाही.

म्हणून गलोलीसारखी युक्ती केली होती. सावकाश ताणायचं आणि एकदम सोडायचं. इलेक्ट्रिक पंप तेल ढकलत राहतात, ते तेल मोठमोठ्या अॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवणाऱ्या टाक्यांमध्ये, शिरतं आणि पिस्टनच्या पलीकडच्या नायट्रोजनला दाबत जातं. पाऊण मिनिट दाबत बसलात तर तीच १६ मेगाज्यूल साडेतीनशे-चारशे किलोवॅटमध्ये भरली जाते, मधल्या आकाराच्या कारखान्याला झेपेल एवढ्यात. मग व्हॉल्व्ह उघडले की नायट्रोजन तेलाला मागे फेकतो, तेल हायड्रॉलिक मोटरींमधून धावतं, मोटरी मिळून एक प्रचंड ड्रम फिरवतात, ड्रमवर वायर रोप, म्हणजे पोलादी तारांचा दोर, गुंडाळला जातो, रोपाला जोडलेली एक ओढगाडी ट्रॅकच्या पन्हळीतून धावते आणि तिने पकडलेली खरी गाडी तिच्याबरोबर. बसणाऱ्याला पाठीवर स्वतःच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त रेटा जाणवतो. शेवटी गाडी सुटून पुढे जाते, आणि ओढगाडीला थोड्या अंतरात थांबवून परत मागे आणायचं असतं. पुढच्या फेरीसाठी.

हे वाचून कुणा हायड्रॉलिक्सवाल्याच्या पोटात गोळा आला नसेल तर नवल. कारखान्यात छताखालच्या रुळांवर धावणाऱ्या ईओटी क्रेनच्या हुकाचा वेग मिनिटाला काही मीटर असतो. तेवढ्यावरही आम्ही रोपाच्या तुटलेल्या तारा मोजतो, ग्रीस बघतो, ड्रमच्या खाचा गेजने तपासतो. इथे रोप सेकंदाला सत्तावन्न मीटरपर्यंत जातो, म्हणजे मिनिटाच्या हिशोबात साडेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि तेही शून्यापासून साडेतीन सेकंदांत. रोप ड्रमवर वाकतो, ताणला जातो, अचानक ढिला पडतो. होजेस, सील, ओ-रिंगा, व्हॉल्व्ह, मोटरींचे बेअरिंग, सगळ्यांवर दर फेरीला एक हातोडा पडतो. तेल सकाळी गार आणि जाड, दुपारी गरम आणि पातळ, नायट्रोजनचा दाबही तापमानाप्रमाणे बदलणार. अशा यंत्राला मी वाईट म्हणत नाही. २००२च्या सुमाराला एवढी ताकद इतक्या थोड्या जागेत देणारं दुसरं काही हाताशी नव्हतं आणि ज्यांनी ते घडवलं त्यांना सलाम. पण ते सदा फिटरची माणसं मागणारं यंत्र आहे.

तुलना करायची तर त्याच इंटामिनने २००० साली सीडर पॉइंटला उभा केलेला 'मिलेनियम फोर्स' घ्या. तोही त्या वेळी विक्रमी होता, ९४ मीटर. त्यालाही साखळी नाही, विंच आणि रोपच आहे. फरक एवढाच की रोप गाडीला ४५ अंशांच्या चढावरून वीस-बावीस सेकंद घेऊन वर नेतो. तीच दहा टनांची गाडी धरली तर नऊ मेगाज्यूलच्या जरा वर, आणि सरासरी शक्ती किंगडा काच्या अकराव्या हिश्श्याएवढी. कंपनी तीच, रोप तोच, वय पाच वर्षांनी जास्त, आणि तो धावतोय. म्हणून मी म्हणतो की किंगडा काचं आयुष्य त्या साडेतीन सेकंदांनी ठरवलं, १३९ मीटरांनी नाही.

आकडे सोडून इतिहास बघितला तरी हेच दिसतं. उद्घाटनाला तीन आठवडे होत नाहीत तोच, जून २००५ मध्ये, ओढगाडीच्या पन्हळीतला एक बोल्ट निकामी झाला, रोपाचं आणि यंत्राचं नुकसान झालं, ऑगस्टपर्यंत कोस्टर बंद. २००९ला वीज पडली, पुन्हा काही महिने बंद. २०११च्या ऑगस्टमध्ये बंद पडला तो पुढच्या वर्षीच सुरू झाला. न्यू जर्सीत पार्कचा हंगामच मुळात मर्यादित, थंडीत दारं बंद. त्यातले दोन-तीन महिने गेले की त्या वर्षाची कमाई काय आणि तक्रारी किती, हे कुणीही सांगेल. एका गाडीत १८ माणसं. अगदी दर मिनिटाला एक गाडी सुटली तरी तासाला १,०८० माणसं होतात, आणि असं यंत्र मध्येमध्ये थांबतंच. रांगेत दीड-दोन तास उभं राहून शेवटी 'आज बंद' ऐकलेला माणूस पार्कला काय म्हणत असेल, ते इथे लिहिता येणार नाही.

त्याच कुळातल्या इतर कोस्टरचं काय झालं तेही बघा. कॅलिफोर्नियातल्या 'एक्सेलरेटर'मध्ये, जो हायड्रॉलिक लाँचचा, म्हणजे तेलाच्या दाबाने गाडी सोडणारा, पहिला कोस्टर, २००९ला सुटतानाच रोप तुटला आणि दोघे जखमी झाले. सीडर पॉइंटचा 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' हा किंगडा काचा थोरला भाऊ, २००३चा, १२८ मीटरचा. २०२१ला त्याच्या गाडीच्या तळाचा धातूचा तुकडा सुटून रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंना लागला, दुखापत अतिशय गंभीर होती. त्यानंतर तो त्या रूपात परत सुरू झालाच नाही.

इथे आजोबांचा दुसरा प्रश्न येतो: धोका होता आणि लपवला का? किंगडा काच्या बंद होण्यामागे असा एखादा अपघात नाही. आणि त्याच घोषणेत इतर काही राइड्सही बंद केल्या, त्यात 'ग्रीन लँटर्न' नावाचा उभ्याने बसायचा, म्हणजे खरं तर उभं राहायचा, साखळीचा कोस्टरही होता. त्याला ना तेल, ना रोप. तो आधी केंटकीतल्या पार्कमध्ये होता, तिथून सुटा करून आणून इथे जोडला होता. पार्क राइड बंद करतं त्यामागे खर्च, जागा, लोकांची आवड, सुट्या भागांची उपलब्धता, नव्या जाहिरातीची गरज अशी बरीच कारणं एकत्र असतात, सुरक्षितता त्यातलं एक. कोणतं किती, हे पार्कगणिक बदलतं. किंगडा काच्या बाबतीत माझा अंदाज असा की देखभालीचा खर्च आणि बंद राहण्याचे दिवस वाढत गेले, आणि विक्रमाची झळाळी संपत आली होती. सौदी अरेबियात किद्दियाला 'फाल्कन्स फ्लाइट' उभा राहत होता, जाहीर उंची १९५ मीटर, वेग ताशी २५०. 'जगातला सर्वांत उंच' ही पाटी उतरणार हे सगळ्यांना दिसत होतं. ती पाटी गेल्यावर उरतं ते अर्ध्या मिनिटाचं, खर्चिक, वारंवार रुसणारं यंत्र.

दुरुस्ती का केली नाही, किंवा जुनं यंत्र काढून नवं का बसवलं नाही, हा पुढचा रास्त प्रश्न. आज लाँचसाठी तेलाची गरज उरलेली नाही. लिनिअर सिंक्रोनस मोटर वापरतात: ट्रॅकवर ओळीने विजेची वेटोळी, गाडीला चुंबक, मध्ये स्पर्श नाही, रोप नाही, तेल नाही. हे तंत्र नवं नव्हे, कॅलिफोर्नियात १९९७ला 'सुपरमॅन द एस्केप'ने ते वापरून ताशी १६० किलोमीटर गाठले होते. फाल्कन्स फ्लाइटही त्यावरच. पण साडेतीन सेकंदांत २०६ देणाऱ्या धावपट्टीवर ती बसवायची तर तेवढ्याच लांबीत तेवढीच ऊर्जा विजेने द्यावी लागणार, आणि ती मेगावॅटची गोष्ट परत आली. सीडर पॉइंटने ड्रॅगस्टरसाठी वेगळा मार्ग काढला. एका झटक्यात वेग द्यायचा नाही, गाडी पुढे ढकलायची, ती मनोऱ्यावर थोडी चढून मागे येते, मागे येताना आणखी ढकलायची, ती मागच्या उभ्या सुळक्यावर चढते, उतरताना तिसऱ्यांदा ढकलायची आणि मग माथा पार. झोपाळ्यावर आपण करतो तेच. यासाठी मागे जवळपास मनोऱ्याएवढाच उंच सुळका नव्याने बांधावा लागला, गाड्या नव्या कराव्या लागल्या. २०२४च्या मेमध्ये तो 'टॉप थ्रिल २' म्हणून सुरू झाला, आणि काही दिवसांतच गाड्यांमध्ये यांत्रिक बदल करायचे म्हणून बंद झाला तो २०२५लाच परत आला. सिक्स फ्लॅग्ज आणि सीडर पॉइंटची मालक कंपनी २०२४च्या जुलैत एकत्र झाल्या होत्या. म्हणजे हा सगळा अनुभव आता एकाच घरातला होता. किंगडा काला तोच उपचार करायचा की नाही हे ठरवताना तो टेबलावर असणार, हे माझं अनुमान.

ग्रीन लँटर्नसारखा सुटा करून दुसरीकडे का नेला नाही? साखळीचा कोस्टर बोल्ट काढून ट्रकवर घालता येतो, कारण त्याचं यंत्र साधं आणि सोबत येणारं असतं. किंगडा काच्या मनोऱ्याला त्याच्या लाँचशिवाय काही अर्थ नव्हता. शिवाय २०१४पासून त्याच मनोऱ्याच्या अंगाखांद्यावर 'झुमानजारो' हा १२६ मीटरवरून सरळ खाली सोडणारा ड्रॉप टॉवर बसवलेला होता, त्यामुळे एक गेला की दुसराही गेला. एवढ्या उंचीवरून एकेक तुकडा क्रेनने उतरवण्यात माणसांना जोखीम आणि पैशांना भोक. सुरुंगाने मनोरा क्षणात आडवा झाला, मग जमिनीवर कापून भंगारात. तो व्हिडिओ पाहून वाटतं काहीतरी भयंकर झालं असावं. कारखान्यांची उंच धुराडी पाडतात तशीच ती रीत आहे.

आता उलट्या येणाऱ्या गाडीचा व्हिडिओ. त्याला रोलबॅक म्हणतात. समोरून वारा जोरात, सकाळी चाकं गार, गाडीत माणसं भरपूर, तेलाचा दाब जरासा कमी, यातलं काहीही जुळून आलं की गाडी माथ्याच्या थोडी अलीकडे थांबते आणि मागे घसरते. बनवणाऱ्याने हे गृहीतच धरलेलं असतं. गाडी सुटताना धावपट्टीवरची ब्रेकची धातूची पाती खाली दबलेली असतात, गाडी पुढे गेली की ती वर उठतात. गाडी मागे आली तर तिचे चुंबक त्या पात्यांवरून जाताना विरोध निर्माण होतो आणि गाडी मऊपणे थांबते. या ब्रेकना थांबवण्यासाठी वीज लागत नाही, घासणारे पॅड नाहीत, गाडी हलते आहे तोवर विरोध आपोआप होत राहतो. पूर्ण पार्कची वीज गेली तरी ते काम करतात. अमेरिकेतले कोस्टरवेडे रोलबॅक मिळावा म्हणून नवस बोलतात, कारण एकाच रांगेत दोनदा उडवून मिळतं. तुम्ही पाहिलात तो बिघाड नव्हता, ती व्यवस्था काम करताना तुम्ही पाहिलीत.

तेव्हा नातवाचं काय? माझं उत्तर: बसू द्या, पण काही गोष्टी बघून.

न्यू जर्सीत राइड्सची तपासणी राज्य सरकारचं 'डिपार्टमेंट ऑफ कम्युनिटी अफेअर्स' करतं, नुसतं पार्कच्या शब्दावर चालत नाही. थंडीत पार्क बंद असतं तेव्हा गाड्या पूर्ण सुट्या करून त्यांचे अॅक्सल, बोगी (चाकांचे सांगाडे), लॉक तपासायचे, ही या धंद्यातली सर्वसाधारण रीत आहे. याने सगळं निर्धोक होतं असं मी म्हणणार नाही. त्याच पार्कमधल्या 'एल टोरो' या लाकडी कोस्टरवर २०२२ला गाडीला जोराचा झटका बसून काही जण जखमी झाले होते. तो बंद ठेवून दुरुस्त केला आणि २०२३ला उघडला. माझ्या अनुभवात घाबरावं ते तक्रारीनंतर लगेच परत चालू होणाऱ्या राइडला. बंद पडून बराच काळ बंद राहणाऱ्या राइडवर कोणीतरी खरंच काम करत असतं.

उंचीची अट पोराच्या हिमतीवर ठरत नाही. किंगडा काला ती १३७ सेंटिमीटर होती, बऱ्याच मोठ्या कोस्टरला आसपास तेवढीच असते. मांडीवरचा किंवा खांद्यावरचा बार ज्या मापाच्या शरीराला धरतो, ते माप ती पाटी सांगते. बुटात जाड तळवे घालून पोराला आत घुसवणारे पालक मी आपल्याकडेही पाहिलेत. चौदाव्या वर्षी तुमचा नातू बहुधा पाटीच्या वर असेल. नसेल तर वाद घालू नका. बार लावल्यावर कर्मचारी हाताने ओढून बघतो ना, ते नातवाला बघायला सांगा. न ओढता पुढे गेला तर हात वर करून हाक मारायची, त्यात लाज नाही. आणि मध्येच चढावर गाडी थांबली तर ती बहुतेक वेळा पुढचा टप्पा मोकळा नाही म्हणून संगणकाने थांबवलेली असते. एका टप्प्यात एकच गाडी, हा नियम रेल्वेच्या सिग्नलसारखाच. बार स्वतः उघडायचा प्रयत्न करायचा नाही, बसून राहायचं.

कोणत्या कोस्टरवर, असं विचाराल तर नायट्रो. ७० मीटर म्हणजे वीस-बावीस मजली इमारत, वेग ताशी १३० किलोमीटरच्या जवळपास, एकामागून एक टेकड्या, आणि दर टेकडीच्या माथ्यावर शरीर बाकावरून हलकं उचललं जातं. किंगडा काचा थरार सगळा पहिल्या पाच सेकंदांत संपायचा, पुढे फक्त उतरायचं होतं. नायट्रो दोन-सव्वादोन मिनिटं चालतो. माझी आवड विचाराल तर विक्रमी कोस्टरपेक्षा मला हेच जास्त आवडतात, आणि पोरांना एकदा दोन्ही प्रकार मिळाले की तीही बहुतेक असंच म्हणतात. वारा जोराचा असेल किंवा विजा चमकत असतील तर उंच राइड्स बंद ठेवतात, तेव्हा हवामान बघून दिवस निवडा, शक्यतो शनिवार-रविवार टाळा, आणि दार उघडताच सगळ्यात आधी तिकडे जा.

तुम्हाला स्वतःला नातवाच्या शेजारी बसायचं असेल, आणि प्रश्नाच्या सुरावरून मला तशी शंका आली, तर रक्तदाब, हृदय, मानेचे मणके आणि डोळ्यांचा पडदा या चार गोष्टींबद्दल निघण्याआधी नाशिकच्याच डॉक्टरांना विचारा. मोतीबिंदूचं ऑपरेशन अलीकडे झालं असेल तर तेही सांगा. बसलात तर डोकं मागे टेकवून ठेवा, चष्मा आणि कवळी लेकीकडे देऊन जा, आणि पहिल्या फेरीला मधली जागा मागा. शेवटच्या डब्यात माथ्यावरून खेचलं जाणं सगळ्यात जोराचं असतं.